रोमन नाण्यांवर दर पावसाळ्यात परत येणारी हिरवी पूड: कारण, ओळख आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. नाणं नीट स्वच्छ करून ठेवलं होतं, दोन महिन्यांनी डबा उघडला तर पुन्हा तिथेच हिरवे ठिपके. पुसलं की जातात, आणि पुढच्या पावसात परत येतात.

माझ्याकडे हे एका जुलैत सुरू झालं. इंग्लंडमध्ये कोल्चेस्टरला आम्ही आठ वर्षं होतो. ते रोमनांचं कामुलोदुनम. तिथल्या नाणेमेळ्यांतून मी चाळीसेक रोमन नाणी घेतली, सगळी पावतीसकट आणि बहुतेक चौथ्या शतकातली तांब्याची छोटी नाणी. आठ वर्षं ती खणात गप्प पडून होती. ठाण्याला परत आल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांतल्या अकरा नाण्यांवर फिकट पोपटी पूड उगवली. बोट लावलं की टाल्कम पावडरसारखी बोटाला यायची, आणि खाली बारीक खड्डा दिसायचा.

तांब्याची कळशी, पितळी समई काळवंडली की चिंच नाहीतर लिंबू-मीठ, हे माझ्या हातात लहानपणापासून बसलेलं. सर्वांत जास्त पूड होती त्या नाण्याला मी तेच केलं. रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या संस्थापकांना, रोम्युलस आणि रीमसला, दूध पाजणारी लांडगीण असलेलं ते नाणं. त्या दिवशी ते सुरेख दिसलं, पण दहा दिवसांत पूड दुप्पट झाली. शिवाय लांडगिणीच्या पायाखाली टांकसाळीची तीन अक्षरं होती, त्यांतलं शेवटचं घासताना कायमचं गेलं. ते अक्षर काय होतं हे आता मला कधीच कळणार नाही. हा लेख लिहायचं मुख्य कारण ते अक्षर आहे.

ही पूड येते कुठून

जगभरचे संग्राहक याला 'ब्रॉन्झ डिसीज' म्हणतात, आपण कांस्यरोग म्हणू. नाव रोगाचं असलं तरी यात जंतू नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काहींना तो जिवाणूंचा प्रकार वाटला होता. पण हे रसायनांचं स्वतःभोवती फिरणारं चक्र आहे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थलो यांनी १८९०च्या दशकातच दाखवलं.

नाणं सोळाशे-सतराशे वर्षं मातीत असतं. मातीत मीठ असतं, समुद्राजवळच्या मातीत जास्तच. त्या मिठातला क्लोराइड हळूहळू आत झिरपतो आणि तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइडचा मेणचट करडा थर बनवतो. खनिजांच्या भाषेत याला नॅन्टोकाइट म्हणतात. हा थर वर दिसत नाही. तो धातूला चिकटून खाली असतो, आणि त्याच्यावर लालसर क्युप्राइटचा, मग हिरव्या मॅलाकाइटचा थर चढतो. वरचा थर शाबूत आणि हवा कोरडी असेल तर खालचा क्लोराइड शतकानुशतकं झोपून राहतो.

मग कोणीतरी वरचा थर खरवडतं, किंवा हवा दमट होते. बाष्प आणि प्राणवायू आत पोचले की क्युप्रस क्लोराइडची पोपटी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारच्या ताज्या तांब्यावर तुटून पडतं, त्यातून नवा क्युप्रस क्लोराइड बनतो, आणि तो पुन्हा बाष्पाची वाट बघत बसतो. पितळी भांड्यात ताक कळकतं तेव्हा आंबटपणा तांब्याला खातो आणि काम संपतं. इथे आंबट पदार्थ नाणं स्वतःच तयार करत राहतं.

शेतात हरळी वरून खुरपली तर आठ दिवसांत परत हिरवी होते, कारण काशा जमिनीत असतात. पूड पुसणं म्हणजे हरळी वरून खुरपणं. आणि लिंबू-मीठ लावणं म्हणजे तिला पाणी घालणं: लिंबाने वरचा थर उघडला, मिठाने नवा क्लोराइड पुरवला.

कोल्चेस्टरला आठ वर्षं काही झालं नाही याचं उत्तरही इथेच मिळतं. हवेतला दमटपणा साधारण ४० टक्क्यांच्या खाली असेल तर हे चक्र जवळपास थांबतं. पंचेचाळीसच्या वर गेला की ते हलायला लागतं, आणि जितका वाढेल तितका वेग वाढतो. तिथे नाण्यांचा खण हीटरच्या भिंतीला लागून होता, त्यामुळे आतली हवा कोरडी असायची. मुंबई-ठाण्याला जुलैत दमटपणा ८०-९० टक्के असतो. नाणी तीच होती, रोगही आधीपासून आत होता, बदलली ती हवा. म्हणून परदेशी विक्रेत्याकडून आलेलं नाणं इथे पहिल्या पावसाळ्यात फुटलं तर त्याने फसवलंच असं लगेच धरू नका. त्याच्याकडे ते खरंच शांत असू शकतं.

हिरवं दिसलं म्हणजे रोगच असं नाही

घाबरून चांगल्या नाण्यांवर उपचार करणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यात होणारं नुकसान रोगापेक्षा कमी नसतं. सुईच्या टोकाने ठिपक्याला अगदी हलकं टोचून बघा, शक्यतो भिंगाखाली. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर सुईला दाद देत नसेल तर तो मॅलाकाइटचा पॅटिना आहे. ते नाण्याचं वय आहे आणि त्याचं कवचही, त्याला हात लावू नका. लालसर किंवा चॉकलेटी घट्ट थर क्युप्राइटचा, क्वचित दिसणारा निळा अझुराइटचा. दोन्ही ठीक.

चिकट, काचेसारखा चकाकणारा पाचूच्या रंगाचा लेप असेल तर दोष बहुधा पाकिटाचा. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांतून प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाझरतं आणि तांब्याला लागतं. ते शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतं. नखरंग काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. मेणासारखा, नखाने खरवडता येणारा हिरवा थर जुन्या चामड्याच्या पाकिटातून किंवा तेलातून येतो, तोही ॲसिटोन किंवा अल्कोहोलने निघतो.

आणि ॲसिटोनच्या बोळ्यावर सगळाच हिरवा रंग उतरून आला तर तो रंगच आहे. नाणं नकली असण्याची शक्यता मग फार मोठी. कडेवर साच्याची बारीक शिवण, पृष्ठभागावर बुडबुड्यांच्या खुणा, साबणासारखी बोथट अक्षरं दिसतात का तेही पाहा. रोमन नाणी ठोकून बनवलेली आहेत, ओतीव नाण्यावर संशय घ्यायलाच हवा.

सुई टोचल्यावर पूड उडाली आणि खाली खड्डा निघाला तर कांस्यरोग. तरी खात्री नसेल तर बंद डब्यात ओला कापूस एका कोपऱ्यात आणि नाणं दुसऱ्या कोपऱ्यात, एकमेकांना न लागता, एक दिवस ठेवा. सक्रिय क्लोराइड असेल तर ताजे पोपटी फोड येतात. एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, तो वेळ रोग वाढवायलाच जातो. आणि संशयित नाणं त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा. रोग सर्दीसारखा पसरत नाही, पण क्लोराइडची पूड शेजारच्या नाण्यावर पडली तर तिथे नवा डाग सुरू होऊ शकतो.

उपचाराआधी नाणं ओळखा

मी हीच पायरी चुकले. उपचार कितीही जपून केला तरी काहीतरी जातंच. जे जाणार आहे ते आधी नोंदवून ठेवलं पाहिजे.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दिवा समोरून न लावता बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा. समोरच्या प्रकाशात सपाट वाटणारी अक्षरं तिरप्या प्रकाशात सावल्यांसकट उठून येतात. मग सोनारांकडे असतो तसल्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा आणि व्हर्नियरने व्यास मोजा. या दोन आकड्यांनीच अर्धं काम होतं. पंचवीस ग्रॅमच्या आसपासचं पिवळट, जाडजूड नाणं सेस्टर्शियस असू शकतं, रोमन पितळेचं. दहा-अकरा ग्रॅमचं तांबडं असेल तर आस. बारा-तेरा ग्रॅमचं पिवळट आणि सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असेल तर डुपोंडियस. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या अशा नाण्यांच्या मागे बहुधा एस आणि सी ही दोन मोठी अक्षरं असतात, म्हणजे सिनेटच्या ठरावाने.

डोक्यावर काय आहे ते नेहमी आधी बघा. चांदीच्या किंवा चांदीसारख्या नाण्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट असेल तर देनारियस. सम्राट नीरोने इसवी सन ६४ मध्ये त्याचं वजन साधारण ३.४ ग्रॅमवर आणलं, त्याआधी ते ३.९च्या आसपास होतं. तसल्याच नाण्यावर किरणांचा मुकुट असेल तर अँटोनिनियानस. तो कॅराकॅलाने २१५ मध्ये सुरू केला आणि पन्नास वर्षांत, गॅलिएनसच्या काळापर्यंत, त्यातली चांदी नावापुरती उरली. या घसरणीचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. तिसऱ्या शतकातल्या 'चांदीच्या' नाण्यावर हिरवी पूड येते, कारण ते मुळात तांबंच आहे, वर चांदीचा पातळ मुलामा. ऑरेलियनने २७४ मध्ये सुधारणा केली तेव्हापासूनच्या अनेक नाण्यांवर तळाशी रोमन आकड्यांत एकवीस लिहिलेलं दिसतं. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. सम्राट डायोक्लेशियनच्या फॉलिस नावाच्या मोठ्या नाण्यावरही असाच मुलामा असायचा. मातीच्या थराखाली तो अजून असू शकतो, आणि आम्लात पडला की काही मिनिटांत नाहीसा होतो.

एक धोका पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या देनारियसचाही. चांदीच्या नाण्यावर हिरवा फोड दिसला तर ते तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं नाणं असू शकतं, म्हणजे रोमन काळातलीच बनावट. अशी नाणी आज आवडीने जमवली जातात, पण पत्रा फाटला की आतला गाभा भराभर खाल्ला जातो.

चौथ्या शतकातली छोटी तांब्याची नाणी सर्वांत जास्त मिळतात आणि सर्वांत जास्त आजारी पडतात. ती ओळखायला सुरुवातीला अवघड वाटतात, पण प्रकार मोजके आहेत. नाण्यावरच्या लेखात यू ऐवजी व्ही असतो हे एकदा लक्षात आलं की वाचन सोपं होतं. लेखाची सुरुवात डी-एन अशी असेल तर 'आमचे स्वामी', ही बहुधा चौथ्या शतकाची आणि त्यानंतरची पद्धत. डोक्यावर लॉरेलऐवजी मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी असेल तर साधारण ३२४ नंतरचं. मागे दोन सैनिक आणि त्यांच्या मध्ये दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५. सैनिक तेच पण निशाण एकच असेल तर ३३५ ते ३४१, आणि नाणंही आधीपेक्षा हलकं. एका काठीच्या फरकावरून पाच-सहा वर्षांचा नेम लागतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने टोचणारा सैनिक असेल तर ३४८ नंतरचं.

टांकसाळीची खूण मागच्या बाजूला अगदी तळाशी, आडव्या रेषेखाली असते. टी-आर म्हणजे ट्रियर, एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. एस-एम-ए-एन म्हणजे अँटिओक. शेवटचं अक्षर त्या टांकसाळीतल्या कार्यशाळेचं. पश्चिमेकडे पी म्हणजे पहिली, एस म्हणजे दुसरी. पूर्वेकडे ग्रीक अक्षरांनी क्रमांक देत. माझ्या लांडगिणीखाली टी आणि आर शिल्लक आहेत, म्हणजे नाणं ट्रियरचं आहे हे नक्की. पहिल्या कार्यशाळेचं की दुसऱ्या, हे लिंबू-मीठ घेऊन गेलं. त्या नाण्यावर सम्राट नाही. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमादेवी आणि 'रोम नगरी' एवढेच शब्द आहेत. ३३० मध्ये कॉन्स्टंटाईनने नवी राजधानी वसवली तेव्हा जुन्या राजधानीचा मान राखायला ही नाणी काढली. जुळणी करायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातली प्राचीन जगाच्या अभ्यासाची संस्था मिळून तयार केलेला साम्राज्यकालीन नाण्यांचा डिजिटल कॅटलॉग मोफत आहे. सम्राट, टांकसाळ, मागचं चित्र अशी एकेक चाळणी लावत जायचं.

अक्षरं मातीखाली असतील तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून बांबूच्या टूथपिकने किंवा बाभळीच्या काट्याने माती सोडवा. पितळी ब्रश, सुरी, भांडी घासायची पावडर यांतलं काही नको. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच रांजणात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. ती आधी धुऊन वाळवली गेली, ओळख आणि मोजदाद नंतर. एवढ्या ढिगाऱ्यातही प्रत्येक नाणं खरवडून साफ करायची घाई कोणी केली नाही.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण मला फोटो पाठवणाऱ्यांत 'आमच्या गावी नांगरताना सापडलं' असं सांगून विकलेली नाणी फार असतात. भारतात रोमन नाणी सापडतात ती बहुतांश दक्षिणेत. कोइंबतूरच्या पट्ट्यात ऑगस्टस आणि टायबेरियसचे देनारियस, करूर-मदुराईकडे चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी तांब्याची. महाराष्ट्रात त्या मानाने फारच थोडी. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं मिळाली, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती. तेव्हा पैठणच्या शेतातून निघालेल्या मूठभर कॉन्स्टंटाईनांवर भरवसा ठेवू नका. आणि खरंच जमिनीत काही सापडलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ते नाणं घरी धुऊ नका, मातीसकट कळवा.

उपचार

आधी सैल पूड भिंगाखाली टूथपिकने आणि मऊ ब्रशने काढा, तोंडाला मास्क लावून. मग सोड्याचं द्रावण: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि २२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, पण दोन्ही प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे घ्या. बाजारी धुण्याच्या सोड्यात मीठ असू शकतं, आणि स्फटिकरूपातल्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात क्लोरीन घातलेलं असतं.

काचेच्या बरणीत नाणं या द्रावणात बुडवा. पहिला महिना दर आठवड्याला द्रावण बदला, नंतर पंधरा दिवसांनी. द्रावण आम्लाला मारतं आणि क्लोराइडला हळूहळू बाहेर ओढतं. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू: माझं सर्वांत लवकर शांत झालेलं नाणं सात आठवड्यांनी बाहेर आलं, लांडगिणीला पावणेपाच महिने लागले. बहुतेकांचा उपचार फसतो तो इथेच. आठवड्याभरात पूड दिसेनाशी होते, माणूस नाणं काढून वाळवतो, आणि खोल खड्ड्यातला क्लोराइड जागच्या जागी राहतो.

क्लोराइड संपला का हे पाहायला वापरलेल्या द्रावणाचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन, विरल नायट्रिक आम्लाने फसफस पूर्ण थांबेपर्यंत आम्लधर्मी करून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. दूध सांडल्यासारखं पांढरं झालं तर क्लोराइड अजून येतोय. आधी आम्ल न घालता केलं तर कार्बोनेटच गढूळपणा आणतं आणि चाचणी फसवते. हे चष्मा आणि हातमोजे घालून, किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकाच्या मदतीने करा.

या पद्धतीची एक किंमत आहे. महिनोनमहिने सोड्यात राहिलेल्या नाण्याचा पॅटिना थोडा बदलतो, कधी निळसर झाक येते. मुलामा असलेल्या नाण्यांचा मुलामा सुटू शकतो. म्हणून मुलाम्याच्या नाण्यांवर मी हा उपचार करत नाही, त्यांना फक्त कोरडं ठेवते. दुर्मिळ किंवा मोठ्या किमतीचं नाणं असेल तर तुम्हीही करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकेंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा आहे. तिथल्या माणसांना आधी विचारा.

सोडा संपल्यावर डिस्टिल्ड पाण्यात धुणं. पाणी रोज बदला. घरात फिल्टर तपासायचा टीडीएस मीटर असेल तर तो इथे कामाला येतो: ताज्या डिस्टिल्ड पाण्याचा आकडा बघा, नाणं चोवीस तास ठेवून पुन्हा बघा. आकडा जवळपास तसाच राहीपर्यंत धुवत राहा. मग अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये एक बुडी, ते खिडकीशी पूर्ण उडू द्या, आणि त्यानंतरच साठ अंशांच्या आसपास दोन-तीन तास गरम हवेत वाळवा. ॲसिटोनने ओलं नाणं ओव्हनमध्ये घालणं म्हणजे आगीशी खेळ.

पुढची पायरी बेन्झोट्रायाझोल. शुद्ध अल्कोहोलमध्ये तीन टक्के, त्यात नाणं चोवीस तास. १९६०च्या दशकापासून संग्रहालयं हे वापरत आली आहेत. ते तांब्याशी बांधलं जाऊन पातळ अडसर तयार करतं. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे, उघडी खिडकी आणि स्वयंपाकघरापासून दूर. बाहेर काढल्यावर अल्कोहोलने हलकं पुसा, नाहीतर पांढरे स्फटिक राहतात. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ हात. दोन्ही नंतर काढता येतात. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल लावलेली नाणी मी पाहिली आहेत. तेलाने क्लोराइड आतच कोंडतो, आणि पुढच्या प्रत्येक उपचाराच्या वाटेत ते तेल येतं.

तरीही परत आलं तर

आधी जागा बघा. पूड जुन्याच खड्ड्यात आली असेल तर सोड्यातला काळ कमी पडला, नाणं परत बरणीत. नव्याच जागी आली असेल तर शंका साठवणीवर घ्या. नाणं गोल कॅप्सूलमध्ये घट्ट बंद केलं होतं का, आणि कधी? पावसाळ्यात बंद केलेल्या कॅप्सूलमध्ये त्या दिवशीची दमट हवाच कोंडली जाते, बाहेर कितीही सिलिका जेल ठेवा. ट्रे प्लायवुडचा किंवा एमडीएफचा आहे का? त्यातून सेंद्रिय आम्लांची वाफ निघत राहते. सातवाहनांची शिशाची नाणी जमवणाऱ्यांनी तर हे नक्कीच तपासावं, शिसं त्या वाफेने पांढरं पडून भुगा होतं. एसीवर विसंबून असाल तर तोही खोलीतली हवा पन्नास-साठ टक्क्यांच्या खाली क्वचितच नेतो, आणि बंद केला की तासाभरात सगळं पूर्ववत.

उपायांचा हा सगळा खटाटोप एका साध्या डब्यावर उभा आहे. डबा नीट नसेल तर सोडा, बेन्झोट्रायाझोल, मेण, सगळं फार तर एक वर्ष टिकतं. उलट उपचार न केलेलं आजारी नाणंही पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवलं तर झोपून राहतं.

माझा डबा म्हणजे कडेला सिलिकॉनची रिंग आणि चारी बाजूंनी क्लिप असलेला पॉलिप्रॉपिलिनचा, धान्याचा असतो तसा. नाणी आम्लरहित कागदाच्या छोट्या पाकिटांत, तोंडं उघडी. पॉलिएस्टरची पाकिटंही चालतात. प्रत्येकावर पेन्सिलीने वजन, व्यास, ओळख आणि उपचाराची तारीख. तळाशी सिलिका जेलचे नारिंगी दाणे जाळीच्या पिशवीत, मोकळ्या हाताने, चिमूटभर नाही. आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक, ज्याचा आकडा डबा न उघडता बाहेरून दिसतो. हे शेवटचं साधन काही शेकड्यांत येतं. उपचारांच्या सगळ्या रसायनांवर मी जितका खर्च केला त्यापेक्षा जास्त उपयोग त्या एका आकड्याचा झाला.

शुद्ध चांदीच्या नाण्यांचा त्रास वेगळा, ती गंधकाने काळी पडतात. त्यांच्या जवळ रबर आणि लोकर नको, बाकी काळपटपणा राहू द्या. फक्त एक जपा: जमिनीत फार काळ राहिलेली चांदी ठिसूळ होते, दोन बोटांत दाबली तर बिस्किटासारखी तुटू शकते. सोन्याच्या नाण्यांना यातलं काहीच होत नाही.

दाणे दर वर्षी मे संपता संपता, मृगाच्या आधी तापवा: ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, नारिंगी रंग परत येईपर्यंत. ते गार होतानाही झाकण लावूनच ठेवा, उघड्यावर ते मुंबईची हवा पिऊन घेतात. नाणी बघायचीच असतील तर डबा कोरड्या दिवसात उघडा. मी आषाढ-श्रावणात तो उघडतच नाही, फक्त आकडा बघते. तो चाळीसला टेकला की त्याच संध्याकाळी दाणे बदलते. दिवाळीनंतरच्या एखाद्या कोरड्या दुपारी सगळी नाणी बाहेर काढून तिरप्या दिव्याखाली एकेक तपासते आणि मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघते. लांडगिणीच्या पोटाखाली एक खड्डा आहे, तिथे भिंग थोडा जास्त वेळ थांबतं. गेल्या दिवाळीला तो खड्डा तपकिरी आणि कोरडा होता.